तेलभाताची शिक्षा

देवळामागच्या बाजारातून आरडाओरडा ऐकू आला तर आमच्या गावातली माणसं दचकत नाहीत. "पाओ-चू असेल," म्हणतात आणि पुन्हा भाजी निवडायला लागतात. दचकतात ती आरडाओरडा बंद पडला की. मग कोणीतरी मुद्दाम जाऊन बघून येतं, बाई बरी आहे ना.

पाओ-चू काकूंचा धंदा बाचांगचा. भिजवलेला चिकट तांदूळ, शेंगदाणे आणि डुकराच्या मटणाचा तुकडा हिरव्या बांबूच्या पानात त्रिकोणी बांधायचा आणि भल्यामोठ्या पातेल्यात उकळत ठेवायचा. खायला देताना वरून शेंगदाण्याचा कूट आणि गोडसर सॉस. लग्न होऊन आल्यापासून काकू त्याच कोपऱ्यात उभ्या आहेत. एखाद्या गिऱ्हाइकाने नुसतं "कूट जरा कमी" म्हटलं, तरी त्या पळी खाली ठेवतात. "कूट कमी? मग तू असं कर, नुसतं पान चघळ. त्याचे पैसेही घेत नाही मी."

अशा बाईने माझ्या दुसरीच्या वर्गात येऊन पोरांना शांतता शिकवली. मी मागच्या बाकावर बसून ऐकलंय म्हणून सांगते. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं.

आमच्याकडे सकाळी पहिला तास सुरू व्हायच्या आधी गोष्टीवाल्या आया येतात. पोरांच्याच आया, क्वचित एखादी आजी. चित्रांचं पुस्तक वाचून दाखवतात आणि आपापल्या कामाला जातात. पुस्तकं पेटीतून येतात आणि ती पेटी शाळाशाळांतून फिरते. त्या वर्षी आमच्या वाट्याला आलेल्या पेटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शांतता, सहिष्णुता, करुणा'. मी पडले मास्तरीण, पुस्तकांविरुद्ध बोलणं मला शोभत नाही. पण त्या पेटीतलं प्रत्येक अस्वल कोणाला ना कोणाला मिठी मारत होतं. लांडगा असला तर तो दुसऱ्या पानावर रडायचा आणि शेवटच्या पानावर सगळ्यांना सूप वाढायचा. पोरं ती पुस्तकं इतकी शहाण्यासारखी ऐकायची की मलाच संशय यायचा. आणि घंटा झाली की तीच पुस्तकं एकमेकांच्या डोक्यात हाणायची.

आता काकू या भानगडीत कशा पडल्या ते सांगते. वाचनाची हौस वगैरे काही नाही. त्यांना माझ्या वर्गातलं एकच माणूस हवं होतं. खिडकीजवळ बसणारी जुई-एन, त्यांची नात.

काकूंचा मुलगा शिकायला उत्तरेला गेला आणि येताना तिकडच्याच शिन्चू शहरातली बायको घेऊन आला. तिचं नाव फेई-लिंग. कमी बोलणारी, कामाला वाघ. सासूच्या हाताखाली तिने पानं धुतली, दोरे कापले, सगळं केलं. पण आमच्या या बेटावर एक वाद असा आहे की त्याच्यापुढे निवडणुकासुद्धा पांचट वाटतात. उत्तरेकडची माणसं बाचांगचा तांदूळ आधी कांदा आणि सोया सॉस घालून परततात, मग पानात बांधून वाफवतात. आम्ही दक्षिणेकडचे कच्चाच तांदूळ बांधतो आणि पाण्यात उकळतो. ते आमच्या बाचांगला लगदा म्हणतात. आम्ही त्यांच्या बाचांगला काय म्हणतो ते आता येईलच.

मागच्या वर्षी पाचव्या महिन्याच्या सणाला, घरोघरी बाचांग करतात त्या सणाला, फेई-लिंगने पहिल्यांदाच माहेरच्या पद्धतीचे बाचांग केले. सगळा गोतावळा जेवायला बसला होता. काकूंनी एक उघडला, मोकळे मोकळे दाणे चॉपस्टिकने इकडून तिकडे ढकलले आणि देवळापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "अगं, हा कसला बाचांग? हा तेलभात आहे. लाज वाटली म्हणून पानात लपलाय बिचारा."

गोतावळा खो खो हसला. फेई-लिंगही हसली. तिने सगळी भांडी घासली, ओटा पुसला, आणि पुढच्या महिन्यात नवऱ्याला आणि मुलीला घेऊन कालव्यापलीकडे भाड्याच्या घरात राहायला गेली. तिथून ऑफिस जवळ पडतं, म्हणाली. ती भांडली असती तर काकूंनी तिला दोन शब्द सुनावले असते, चार ऐकून घेतले असते आणि संध्याकाळी दोघी एका ताटात जेवल्या असत्या. पण ही हसून गेली. हसून गेलेल्या माणसाशी भांडायचं कसं ते काकूंना कोणी शिकवलेलं नव्हतं. मुलगा रविवारी यायचा, तो एकटाच. जुई-एनला कधी चित्रकलेचा क्लास, कधी पोहण्याचा, कधी नुसतंच "दमलीय ती".

एक दिवस माझा बाचांग कागदात गुंडाळता गुंडाळता काकूंनी हळूच विषय काढला. त्यांचं हळूच म्हणजे आपलं नेहमीचं बोलणं.

"त्साई बाई, त्या गोष्टीवाल्या बायकांना काय काय यावं लागतं हो?"

"वाचता," मी म्हटलं.

"बस्स? वाचते की मी."

"आणि आवाज जरा..."

"आवाजाची काय कमी आहे माझ्याकडे!" त्या म्हणाल्या. देवळातला पुजारी बाहेर येऊन बघून गेला.

मंगळवारची सकाळ काकूंना मिळाली. पहिल्या मंगळवारी गोष्ट होती दोन सशांची. दोघांच्या गाजराच्या वाफ्यांमध्ये कुंपण, कुंपणावरून भांडण, शेवटी अर्थातच मिठी. काकू दुसऱ्या पानावरच थांबल्या. चष्मा काढून त्यांनी वर्गाकडे बघितलं.

"एक मिनिट. कुंपण आधी सरकवलं कोणी?"

कोणीतरी म्हणालं, "पुस्तकात नाही लिहिलेलं, आमा." आजीला आमा म्हणतात आमच्याकडे.

"नाही लिहिलेलं म्हणजे? मग मिठी कशी मारतील? आधी चौकशी, मग मिठी. सांगा, तपकिरी सशाच्या तोंडाकडे बघून काय वाटतं?"

अर्धा वर्ग म्हणाला, तपकिरी चोर आहे. अर्धा म्हणाला, पांढरा दिसतो साधा पण आहे डांबिस. पांढऱ्याच्या आईची साक्ष काढली. ती चित्रात नव्हती, म्हणून एका मुलीला आई केलं. मिठीचं पान यायच्या आत घंटा झाली आणि पोरं बाहेर जातानाही एकमेकांना पुरावे देत होती. त्या दिवशी पुस्तक कोणाच्या डोक्यात बसलं नाही. पुस्तकाची गरज होती ना पुराव्याला!

जुई-एनने पहिल्या दिवशी डोकं दप्तरात खुपसलं होतं. पुढे पुढे ती उठून आजीशेजारी उभी राहायला लागली आणि पानं उलटायला लागली, कारण आजीचे हात वाद घालण्यात गुंतलेले असायचे. गोष्ट संपली की काकू दारात थांबून नातीची पोनी सोडायच्या आणि नव्याने बांधायच्या, बाचांग बांधावा तशी करकचून. पोरीच्या भुवया वर ओढल्या जायच्या. काकूंचा आठवड्यातला मिनिटभराचा सोहळा तो. संध्याकाळी फेई-लिंग न्यायला यायची, त्या पोनीकडे बघायची, काही बोलायची नाही. पण सोडायचीही नाही ती पोनी.

नियमाची गोष्टही तेव्हाचीच. मिन-आन म्हणून एक मुलगी आहे, तिची आई व्हिएतनामची. ती सकाळी डब्यात तांदळाच्या पातळ पापडीच्या गुंडाळ्या आणायची, सोबत माशाची चटणी. काई-वेई नावाच्या कार्ट्याने नाक दाबलं आणि मोठ्याने म्हणाला, "ईऽऽ, मासळीचं बंदर आलं वर्गात!" मिन-आनने डबा बंद केला. मी उठणार, तोच काकूंनी हातातलं पुस्तक मिटलं. "अस्वल थांबेल जरा," म्हणाल्या. "काई-वेई, पुढे ये. ज्याला हसलास ते आता खायचं. एक अख्खं. आणि मग त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. खरी. खोटं बोललास तर दुसरं खायला लावीन."

काई-वेईने डोळे मिटून खाल्लं. चावलं, थांबला, पुन्हा चावलं. "कुरकुरीत लागतंय आतून," म्हणाला.

"खरं?"

"खरं. अजून एक मिळेल का?"

"शिक्षा आहे ती, हावरटा!" काकू ओरडल्या. त्यानंतर वर्गात हा नियमच झाला. जो ज्याच्या खाण्याला हसेल, त्याने ते खायचं आणि खरं चांगलं सांगायचं. मी वर्षभर सहिष्णुता या शब्दाचा अर्थ फळ्यावर समजावला होता. असो.

पण असं सगळं सुरळीत चाललेलं आमच्या को मॅडमना कसं बघवेल? त्या गोष्टीवाल्या आयांच्या प्रमुख. त्यांनी गोष्ट सांगण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय आणि हातात कायम मोज्याची बाहुली असते. काकू पुस्तक सोडून वाचतात, सशांना कोर्टात उभं करतात, हे त्यांच्या कानावर गेलंच. त्यांनी मला कळवलं, सणाच्या आधीच्या मंगळवारी मी येऊन बसणार आहे, आणि पुस्तकातलं सोडून काही झालं तर तो तास दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागेल.

मी काकूंना सांगितलं. त्या एकदम गप्प झाल्या. समोर बाचांग घ्यायला उभा असलेला माणूस घाबरून म्हणाला, "कूट कितीही घाला हो."

"बाई," त्या शेवटी म्हणाल्या, "मंगळवार गेला तर माझ्याकडे काय राहतं? पोरगी रस्त्यात भेटली तर नुसतं वाकून नमस्कार करील मला. परक्या बाईला करतात तसा." आणि हे त्यांनी खरंच हळू आवाजात सांगितलं. मला तो आवाज आवडला नाही. पाओ-चू काकूंनी असं बोलू नये.

त्या मंगळवारी काकू इस्त्रीचा शर्ट घालून आल्या. को मॅडम माझ्या शेजारी, बाहुली मांडीवर. पुस्तक होतं एका बिज्जूचं आणि एका कोल्ह्याचं. दोघे शेजारी, दोघांचं सूप वेगळं, दोघे एकमेकांच्या सुपाला नाकं मुरडतात, मग हिमवादळ येतं आणि शेवटी काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल. काकूंनी ते शब्दन् शब्द वाचलं. ना थांबल्या, ना ओरडल्या. रेल्वे स्टेशनवरची घोषणा बरी. पोरं आधी वाट बघत राहिली, मग चुळबुळली, मग काई-वेईने मागे वळून मला विचारलं, "बाई, आमाला ताप आहे का?"

को मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान पसरत चाललं होतं. पुस्तक संपलं. वाचलो, असं मी मनात म्हटलं. पण अशा पुस्तकांच्या शेवटच्या पानावर मुलांशी बोलायचे प्रश्न असतात, आणि काकूंनी ठरवलं होतं की छापलेलं काहीही सोडायचं नाही.

"तुमच्या ओळखीचं कोणी," काकूंनी वाचलं, "दुसऱ्याच्या खाण्याला कधी हसलं आहे का?"

या प्रश्नाला उत्तर येत नसतं. मी इतकी वर्षं बघतेय. पोरं छताकडे बघतात आणि बाई पुढचा प्रश्न वाचतात. त्या दिवशी मात्र आजीच्या शेजारी उभ्या असलेल्या, पान धरलेल्या जुई-एनने हात वर केला.

"आमा, तू हसली होतीस. आईच्या बाचांगला."

काकूंचं तोंड उघडं. त्यांना काहीही म्हणता आलं असतं. हो बाळ, चुकलं म्हणायचं, किंवा पुढचा प्रश्न वाचायचा. पण इतकी वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडावर उत्तर फेकायची जी सवय, तीच नडली.

"अगं, पण तो होताच तेलभात!"

"नियम!" काई-वेई बाकावर उभा राहिला. "आमाला नियम लागू!" मग सगळा वर्ग. नियम, नियम, नियम! मिन-आन, जी एरवी हजेरीला सुद्धा कुजबुजते, ती टेबल बडवत होती.

"अख्खा खायचा," जुई-एन म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज थेट आजीचा. "आमच्या घरी येऊन खायचा. आणि खरं चांगलं सांगायचं. आणि त्साई बाई साक्षीला येतील. नाहीतर तू दोन घास खाशील आणि सगळा खाल्ला म्हणशील."

को मॅडम उठल्या. आता संपलं, असं वाटलं मला. त्या पुढे गेल्या, बाहुली काखेत धरली आणि काकूंच्या कानाशी अगदी सभ्य आवाजात म्हणाल्या, "मी कीलुंगची आहे. उत्तरेची. आमच्या घरी वाफवतात. आधी जाऊन खाऊन या, मग मंगळवारचं बघू."

शनिवारी दुपारी मी काकूंना माझ्या स्कूटरवर मागे बसवून कालवा ओलांडला. त्यांच्या मांडीवर त्यांच्या स्वतःच्या बाचांगचा घोस होता. "रिकाम्या हाताने कशी जाऊ?" म्हणाल्या. पुलावर आल्यावर म्हणाल्या, "बाई, टायरमध्ये हवा कमी वाटतेय. परत जाऊ या का?" मी स्कूटर वेगात काढली.

फेई-लिंगने दार उघडलं. "या, आई," म्हणाली. तसंच हसू, भांडी घासण्याआधीचं. आत वाफेचं भांडं चढवलेलं होतं. जुई-एन टेबलाशी आधीच बसली होती, न्यायाधीशासारखी हात बांधून. मुलगा दाराशी उभा होता, आणि माझी खात्री आहे की त्याला कालव्यात उडी मारणं जास्त आवडलं असतं.

काकूंपुढे बाचांग आला. त्यांनी दोरा सोडायला घेतला, तर तो सुटेना. दोन्ही हातांनी ओढला, मग नखाने. शेवटी सुटला. त्यांनी खाल्लं. सगळं, पानाला चिकटलेला शेवटचा दाणासुद्धा.

"सांग," जुई-एन म्हणाली.

काकूंनी तोंड पुसलं. "गाठ चांगली आहे," म्हणाल्या. "पक्की. हे खरं आहे."

फेई-लिंग वाफेच्या भांड्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. "गाठ तुम्हीच शिकवलीत, आई. पहिल्या वर्षी माझे सगळे पातेल्यात सुटायचे. तुम्ही माझी बोटं धरून बांधून घेतले होते. ओरडत होतात, पण बोटं सोडली नाहीत."

मी खाली बघितलं. काकूंचा हात टेबलावर होता तसाच राहिला.

"गाठ खात नाहीत, आमा," जुई-एन म्हणाली. "खाण्याबद्दल सांग."

"आण दुसरा," काकू म्हणाल्या.

दुसराही संपला. काकूंनी सुनेकडे बघितलं, ते बऱ्याच वेळाने. मग नातीकडे वळून त्या एकदम व्यवहारी सुरात म्हणाल्या, "नियमात खोटं चालत नाही ना?"

"नाही."

"मग मी खोटं कशाला बोलू? मला अजून काही चांगलं सापडलेलं नाही. दोन बाचांगांत काय कळतं? पुढच्या शनिवारी परत येऊन खाऊन बघावं लागेल."

फेई-लिंग वळली. मग हसली, आणि हे हसू वेगळं होतं. हसता हसता तिला ओढणीसारखा एप्रन डोळ्यांना लावावा लागला. "पुढच्या शनिवारी मशरूम जास्त घालते," ती म्हणाली.

"घाल. पण फार आशा धरू नकोस."

"लगद्यापेक्षा तर बरा लागेल."

"लगदा?" काकू खुर्चीतून उठल्या. "लगदा कोणाला म्हणतेस गं? हा बघ, आणलाय मी घोस. उघड! दाणा दाखव मला कुठे लगदा झालाय तो!" आवाज कालव्यापलीकडे गेला असेल. जाताना पाहिलं तर फेई-लिंग घोसातला एक सोडत होती आणि काकू तिच्या डोक्यावर उभ्या राहून कूट किती घालायचा ते सांगत होत्या. जुई-एन मला म्हणाली, "बाई, आई आमाच्या खाण्याला हसली. आता तिलाही नियम लागू."

सोमवारी को मॅडमनी मला विचारलं, "खरं बोलल्या ना त्या?" मी म्हटलं, हो, अगदी खरं. शांतता शिकवणाऱ्या माणसाला तेवढं खोटं माफ असावं.

आता थंडी पडलीय. सण होऊन किती महिने झाले, गावात कोणी घरी बाचांग करत नाही, पण कालव्यापलीकडच्या त्या घरात दर शनिवारी वाफेचं भांडं चढतं. दर मंगळवारी गोष्ट सुरू व्हायच्या आधी काई-वेई विचारतो, "आमा, सापडलं का?" आणि काकू मान हलवतात, "नाही रे बाबा. शोधतेय. या शनिवारी तीन खाल्ले, तरी नाही." फेई-लिंगलाही काकूंच्या बाचांगात अजून काही सापडलेलं नाही, असं जुई-एन सांगते. ती डब्यात दोन्ही आणते.

साक्षीदार म्हणून मलाही मधून मधून जावं लागतं. खरं सांगायचं तर तो तेलभात फार सुंदर लागतो. पण हे मी वर्गात कधी बोलणार नाही. बोलले तर शिक्षा संपेल.